अक्कानं मागितलेले तीन महिने

त्या वर्षी फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत मी मंगळूरला, कंपनीच्या तिथल्या प्लँटमध्ये होतो, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. मी तिथं नव्हतो. कंपनीनं मला कुठंच पाठवलेलं नव्हतं. कारवारच्या खालच्या अंगाला समुद्रकाठी एक लहान गाव आहे, तिथं भाड्यानं खोली घेऊन मी सात महिने राहिलो आणि तिथूनच लॅपटॉपवर काम केलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाचा यात काही दोष नाही, आणि आपला दोष दुसऱ्यावर ढकलण्यात मी किती तरबेज आहे ते मला पुरतं ठाऊक आहे.

आमचं घर जयनगरला. तळमजल्यावर दोन खोल्या नि स्वयंपाकघर, वर भाडेकरू. पणजोबांपासून आम्ही बेंगळूरचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि आता घरातल्या मराठीतही निम्मं कन्नडच. मी मधली पंधरा वर्षं पुण्याला नोकरी केली, तिथंच लग्न केलं, तिथंच ते मोडलं, आणि पंचेचाळिशीत परत आईच्या घरी आलो. घरात आई, ऐंशी ओलांडलेली, आठवण जात चाललेली. आणि माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणतो. तिचे यजमान गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली. तिला एकच मुलगी, ती पुण्याला दिलेली. आईचं सगळं अक्का करायची. आंघोळ, गोळ्या, इन्सुलिनची सुई, साडी नेसवणं, आई रस्त्यावर निघाली की मागं धावणं. मी काय करायचो? मी काम करायचो.

काम म्हणजे असं, की बोम्मसंद्र्याला एक कारखाना आहे, तो पाकिटं भरायची यंत्रं बनवतो. यंत्राबरोबर जे जाड पुस्तक जातं ते मी लिहितो. झाकण बंद असल्याची खात्री केल्याशिवाय हिरवं बटण दाबू नये, वगैरे. ते पुस्तक कुणी वाचत नाही. यंत्र अडलं की लोक फोन करतात, आणि पुस्तक यंत्राच्या पायाखाली सरकवतात, डुगडुगू नये म्हणून. महामारीनंतर कंपनीच्या लक्षात आलं की आमच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी पुस्तकं निघतात. मग म्हणाले, घरूनच करा. कुणाच्या घरून, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

आईला मात्र हे पटवणं कुणालाच जमलं नाही.

"अरे, आज हापिसला सुट्टी?"

"नाही आई, हेच हापीस."

"हे तर जेवायचं टेबल की."

"टेबलच आहे. आता काम इथंच बसून करायचं असतं."

"सरी, सरी." म्हणजे बरं, बरं. ती आत जायची. दहा मिनिटांनी परत दारात. "अरे, आज हापिसला सुट्टी?"

दिवसातून तीस वेळा. परदेशातल्या गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग चालली असली की मागं येऊन उभी राहायची आणि पडद्यावरच्या माणसांना विचारायची, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. एकदा एका जर्मन साहेबानं गोंधळून हात जोडले. शेवटी आईनं आपल्यापुरता निष्कर्ष काढला आणि गल्लीभर सांगून टाकला: पोराची नोकरी गेलीय, लाजेनं सांगत नाही, दिवसभर डबा उघडून बसतो. शेजारचे अण्णा एका संध्याकाळी माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मल्लेश्वरमला माझ्या मेव्हण्याचं साड्यांचं दुकान आहे. बिलं करायला माणूस हवाय. लाजायचं नाही." मी म्हटलं, अहो अण्णा, मी नोकरीत आहे. त्यांनी आणखी हळवेपणानं हात दाबला.

आणि आईचं जेवण. घरातला पुरुष जेवल्याशिवाय ती ताटाला हात लावत नसे. जुनी रीत. आधी वडिलांसाठी थांबायची, ते गेल्यावर माझ्यासाठी. अक्काचं नाव ती विसरली, आपण कुठल्या गावात आहोत ते विसरली, पण ही रीत काही विसरली नाही. दुपारी एक वाजता मी समोर येऊन "आई, मी जेवलो, आता तू जेव" म्हटलं की जेवायची. नाही म्हटलं, तर ताट पुढ्यात घेऊन बसून राहायची. साखरेचं दुखणं, सुई टोचून झालेली, आणि ही बसलेली. मला ते रोजचं एक वाजणं नकोसं झालं होतं. लिहिताना लाज वाटते, पण झालं होतं खरं. एक वाक्य बोलायचं, तेवढंही जिवावर यायचं.

दिवाळीत अक्कानं विषय काढला. तिच्या मुलीला दिवस गेले होते, चैत्रात भरणार होते. रक्तदाब वाढलेला, म्हणून डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलेला. म्हणजे पोरीला माहेरी बेंगळूरला येता येणार नव्हतं. पहिलं बाळंतपण आईनं करायचं. तेव्हा आईनं पुण्याला जायचं, हे ओघानंच आलं.

"तीन महिने दे मला," अक्का म्हणाली. करंज्यांना मुरड घालत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "एक महिना आधी, दोन महिने नंतर. तू घरातच असतोस. आईचं मी तुला सगळं शिकवते."

"आणि आंघोळ?"

"आंघोळीला सकाळची बाई लावू. दोघींना आईनं हाकललं, तिसरी टिकेल. पण घरात आपलं माणूस पाहिजे की नको?"

"होय की," मी म्हटलं. "जा तू. मी आहे."

मी आहे, असं म्हणालो. ते मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

त्या दिवसापासून अक्का दुसरीच बाई झाली. आठवड्यातून दोनदा बाजारात जायची, डिंक, अळीव, सुंठ आणायची. आईच्या जुन्या मऊ सुती साड्या उसवून बाळासाठी दुपटी शिवायची. मला समोर बसवून संत्र्यावर सुई टोचायला शिकवली. "जोर नको. अशी अलगद. आई ओरडली तरी हात हलवायचा नाही." मी संत्री टोचत राहिलो आणि आतल्या आत घाबरत राहिलो. जानेवारीत माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "तू दहा दिवस कुठं तरी जाऊन ये. नंतर तीन महिने दाराबाहेर पडायला मिळायचं नाही तुला." बसमध्ये खायला म्हणून तिनं दशम्या बांधून दिल्या. म्हणजे मला तिनंच पाठवलं.

पहिले आठ दिवस त्या गावात मला कुणी काही विचारलं नाही. एवढंच सुख होतं, पण ते इतकं मोठं निघेल असं वाटलं नव्हतं. सकाळी पुळणीवर चालायचो, मग खोलीच्या पडवीत लॅपटॉप उघडायचो, समोर समुद्र. दुपारी जेवायचो आणि जेवलो हे कुणाला कळवावं लागायचं नाही. नवव्या दिवशी बॅग भरली. भरून झाल्यावर पलंगावर बसलो आणि अक्काला फोन लावला.

"अक्का, घोटाळा झालाय. कंपनी मंगळूरला पाठवतेय. नवीन यंत्रं बसतायत, पुस्तकं तिथं बसूनच लिहायची म्हणतात. सहा-सात महिने."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. अक्कानं गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"कधीपासून?"

"लगेच. इथून जवळच पडतं. परत येऊन पुन्हा जाण्यात काही अर्थ नाही."

"नाही म्हणून बघितलंस?"

"बघितलं. ऐकत नाहीत."

"सरी," ती म्हणाली. "नोकरी आहे. काय करणार." मग, "तुझी जाड चादर पाठवू का?"

मंगळूरच्या उकाड्यात जाड चादर! मला तिचा रागच आला. आपण ज्याला फसवतो तो इतका सरळ असला की त्याचा राग येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता त्या सुखाचं पुढं काय झालं ते सांगतो. फेब्रुवारी संपेस्तोवर त्याचा पार चोथा झाला होता.

घरमालक साठीचे, उघडेबंब, कमरेला पंचा. माणूस देवासारखा, घाई सोडून सगळं जवळ असलेला. एक दिवस इंटरनेटची वायर तुटून पडवीत लोंबू लागली. मी म्हटलं, वायर तुटलीय. म्हणाले, "होय सर, तुटलीय." कधी जोडणार? "आमेले." आमेले म्हणजे नंतर. पाणी कधी येईल, आमेले. लाइट? आमेले. वायर जोडणारा माणूस येऊन गेला का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आला होता सर, वायर बघून गेला." बेंगळूरला असताना तासाभराच्या रहदारीत मी जेवढा चिडलो नसेन तेवढा त्या लोंबत्या वायरीकडे बघून चिडायचो. आणि चिडायलाही तिथं जोडीदार नव्हता. घरमालक माझं सगळं ऐकून घ्यायचे आणि शहाळं फोडून हातात द्यायचे.

नेट नसलं की लॅपटॉप काखेत मारून किनाऱ्यावरच्या कॅफेत जायचं. तिथं खुर्च्या नाहीत. जमिनीवर गाद्या, गुडघ्याएवढं टेबल. पन्नाशीतला माणूस मांडी घालून सहा तास यंत्राचं पुस्तक लिहू शकत नाही, हे त्या गाद्या घालणाऱ्याला कुणी तरी सांगायला हवं होतं. आजूबाजूला सगळी तरुण पोरं, तीही लॅपटॉप घेऊन, आणि सगळी कुठली? बेंगळूरची. बेंगळूरच्या रहदारीला, बेंगळूरच्या घरमालकांना शिव्या देत लोळायची. बेंगळूरपासून पळालेलं निम्मं बेंगळूर तिथं आडवं झालेलं होतं. त्यांतला एक जण मला रोज अंकल म्हणायचा. एकदा म्हणाला, "अंकल, तुम्ही फार टेन्शनमध्ये बसता. जरा समुद्राकडे बघा ना."

"बघतोय की," मी म्हटलं. "तिकडून तरी नेट येतंय का ते."

त्याला तो विनोद वाटला.

खारट हवेनं लॅपटॉपच्या कळा चिकटायच्या. वाळू तर कुठं नव्हती ते विचारा. एकदा तपासायला म्हणून छापून आणलेले कागद पडवीत ठेवून मी आत गेलो, तेवढ्यात किनाऱ्यावर फिरणारी एक गाय आली आणि तिनं सुरक्षेच्या सूचनांचं अख्खं प्रकरण खाल्लं. मी ओरडलो तर घरमालक म्हणाले, "असू दे सर. कुणी तरी वाचलं."

आणि तरीही मी परतलो नाही. इतके दिवस मी स्वतःला सांगत आलो की खोटंच असं बोलून बसलो होतो, सहा-सात महिने म्हटले होते, मग त्याआधी तोंड कसं दाखवायचं. ते खरं नाही. बदली रद्द झाली, एवढं म्हटलं असतं तर अक्कानं देवापुढं साखर ठेवली असती. मला त्या गावाचा वीट आला होता, पाठ मोडली होती, घामोळं उठलं होतं, आणि तरीही ते सगळं मला आईची साडी बदलण्यापेक्षा बरं वाटत होतं. बस. याच्याखाली आणखी काही नाही. मी पुष्कळ खणून बघितलंय.

एक वाजण्याचं काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. अक्का मला एकला फोन लावायची, आईच्या कानाला धरायची, मी वाक्य बोलायचो, आई जेवायची. पण कधी नेट नसे, कधी माझी मीटिंग असे. एक दिवस दोन वाजेपर्यंत फोन लागला नाही, आईनं खाल्लं नाही आणि तिची साखर एकदम खाली गेली. अक्कानं तोंडात गूळ कोंबून तिला शुद्धीवर आणलं. संध्याकाळी तिनं मला फोनवर हे सगळं सांगितलं. तेव्हा मी तोडगा काढला.

"मी रेकॉर्ड करून पाठवतो. रोज एकला तू लाव."

"आईला रेकॉर्ड लावू?"

"तिला काय कळतंय, अक्का."

मी नऊ रेकॉर्ड केले. लाटांचा आवाज येऊ नये म्हणून न्हाणीघरात कडी लावून, पंखा बंद करून. 'आई, मी जेवलो, आता तू जेव.' एक जरा घाईतला, एक सर्दी झाल्यासारखा. उगादीसाठी, म्हणजे पाडव्यासाठी वेगळा, 'आज होळिगे जेवलो' असा. होळिगे म्हणजे पुरणपोळी. तो मी उगादीच्या पंधरा दिवस आधीच करून ठेवला. माझ्या यंत्रांच्या पुस्तकांतही मी इतकी काळजी घेत नाही. आणि काम झाल्यावर मोकळं वाटलं, हेही सांगतो. आता एक वाजता मला कुणाला काही बोलायचं नव्हतं.

बाळ आठ दिवस आधीच आलं, पोट फाडून काढावं लागलं. अक्काचा फोन दुपारी आला.

"मुलगा झाला. दोघं बरी आहेत म्हणे." म्हणे, असं म्हणाली. "विहीणबाई आहेत तिथं. चांगलं करतात."

"चार दिवस जाऊन ये की तू."

"आईला कुठं ठेवू?"

चार दिवस जा म्हणायला माझं काय जात होतं? कसं जायचं ते मला सांगायचं नव्हतं.

"पोरगी रडत होती फोनवर," अक्का म्हणाली. "टाके दुखतात म्हणून नव्हे. म्हणाली, अम्मा, तू आली असतीस तर. मी म्हटलं, मामाची नोकरी आहे ना, काय करणार. तिला पटलं."

तिनं डिंकाचे लाडू आणि दुपटी कुरियरनं पाठवली. लाडवांचा वाटेत चुरा झाला. भाचीनं तो वाटीत घालून चमच्यानं खाल्ला आणि त्याचा फोटो आम्हा दोघांना पाठवला.

बारशाला व्हिडिओ कॉल होता. पुण्याला पाळण्याजवळ फोन धरून कुणी तरी उभं, जयनगरला अक्का इरकल नेसून, शेजारी आई. आणि मी. पडद्यावर माझ्या पाठीमागं कारखान्याचं चित्र लावलं होतं, यंत्रांची रांग, छान पिवळे दिवे. खोलीत नेट मिळत नव्हतं म्हणून खुर्ची बाहेर वाळूत टाकून बसलो होतो. पाळणा म्हणायचा मान अक्काचा होता. तिनं तो फोनमध्ये तोंड घालून म्हटला. तिकडच्या बायका तिच्या मागं म्हणत होत्या, पण आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळं तिची ओळ संपली की त्यांची सुरू व्हायची. मध्येच ती थांबून ऐकायची, परत धरायची.

त्या दिवशी भरती मोठी होती. माझं लक्ष नव्हतं. घरमालक पडवीतून ओरडत धावत आले, "सर! अले बंतु! कुर्ची तेगीरी!" लाट आली, खुर्ची काढा. आणि माझी वाट न बघता खुर्चीच्या पाठीला त्यांनी हात घातला. पडद्यावर, यंत्रांच्या रांगेतून, एक उघडा काळा दंड आणि पांढऱ्या केसांची छाती आरपार निघून गेली.

भाचीच्या सासरची मंडळी सोडली तर कन्नड सगळ्यांनाच कळत होतं. भाची जोरात हसली. "मामा, तुमच्या प्लँटमध्ये लाट कुठून आली?"

"टाकी," मी म्हटलं. "धुण्याची टाकी उपसली."

"आणि ते अण्णा शर्ट न घालता कामाला येतात?"

"उकाडा आहे गं."

सगळे हसले. अक्का हसली नाही. तिनं फोन जरा जवळ घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. दोन-तीन क्षण असतील. मग पाळणा जिथं तुटला होता ते कडवं तिनं पहिल्यापासून म्हणायला घेतलं.

जूनमध्ये कॅफे बंद झाले, गाद्या गुंडाळल्या गेल्या, बेंगळूरची पोरं बेंगळूरला परतली. गावात मी, घरमालक आणि ओली कुत्री. बॅगेवर बुरशी चढली, चपलांवर चढली, चष्म्याच्या पेटीवर चढली. घरमालकांनी एकदा विचारलंच, "सर, तुम्हाला घर नाही का?" मी म्हटलं, आहे, ऑफिसचं काम आहे. त्यांनी मान हलवली. त्या माणसानं सात महिन्यांत माझ्या कुठल्याच गोष्टीवर शंका घेतली नाही, फक्त या एका उत्तरावर घेतली.

ऑगस्टच्या शेवटी घरी आलो. अक्कानं दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काळा झालास की रे. प्लँटला छप्पर नाही काय?"

"असतं गं. बाहेर पण काम असतं."

"सरी. हात धू."

ती बारीक झाली होती. कंबरेला पट्टा आला होता, आईला उचलून उचलून. एक वाजला तसा मी स्वयंपाकघरात गेलो. आई पाटावर, पुढ्यात ताट. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "आई, मी जेवलो. आता तू जेव."

आईनं माझ्याकडे बघितलं, पाहुण्याकडे बघतात तसं, नीट, आदरानं. "थांबा हं," म्हणाली. "आमच्या पोराचा फोन येईल आता."

"आई, मीच आहे."

"बसा की. तो जेवला की लगेच फोन करतो. कधी चुकत नाही."

मी आणखी दोनदा म्हटलं. ती हसून मान डोलवायची आणि अक्काच्या हाताकडे बघायची. शेवटी अक्कानं ओट्यावरचा फोन उचलला, बटण दाबलं आणि आईच्या कानाशी धरला. मी समोर बसलेलो, आणि फोनमधून मी बोललो. सर्दीवाला.

आईचा चेहरा खुलला. "जेवलास? काय भाजी होती रे?"

फोन गप्प. अक्का वाटीत ताक ओतत होती. वर न बघता म्हणाली, "दोडक्याची."

"चांगली झाली होती?"

"चांगली झाली होती म्हणतोय."

"मग मी बसते जेवायला," आई म्हणाली आणि तिनं पहिला घास घेतला.

सात महिने, रोज, माझ्या वाट्याची उत्तरं अक्का देत होती. तिकडे बाळाला टोचलं, बाळ पालथं पडलं, बाळाला पहिला दात आला, आणि ही इथं दोडकं, पडवळ, भोपळा सांगत होती.

डिसेंबरात मी म्हटलं, आता जा तू, महिनाभर राहून ये. मी आईजवळ राहिलो. सुई दिली, आंघोळीच्या बाईला हाताशी मदत केली, एक वाजता स्वतःचाच रेकॉर्ड लावला आणि भाज्यांची नावं सांगितली. वाटलं होतं तेवढं अवघड काही नव्हतं. हेच सगळ्यात चीड आणणारं होतं. जमलं असतं मला.

अक्का महिन्यासाठी गेली ती पाचव्या दिवशी परत. मी रिक्षातून तिची बॅग उतरवून घेतली.

"एवढ्यात?"

"राहून काय करू? सगळं करणारे आहेत तिथं." चपला काढताना तिनं भिंतीला हात टेकला. "माझ्याकडे येईना रे ते. उचललं की रडायचं. त्या आजीकडे हात पसरायचं. आता त्याचं तरी काय चुकलं, अंगाला तेल त्यांनी लावलंय, रात्री त्यांनी जागवल्यात. पोरगी म्हणते, अम्मा, होईल सवय, राहा स्वल्प दिवस. पण तीसुद्धा काही लागलं की त्यांनाच हाक मारते. मारणारच की." मग माझ्याकडे वळून, "आई जेवली का वेळेवर?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तिथं, दारात, बॅग हातात असताना. मी म्हटलं, जेवली.

त्यानंतर बरेच दिवस गेले. आई अजून आहे. आता ती कुणाच्याच जेवणासाठी थांबत नाही, भरवावं लागतं. दुपारचं मी भरवतो. अक्का पुण्याला वर्षातून एकदा, चार-पाच दिवस, पाहुण्यासारखी जाऊन येते. नातू तिला नमस्कार करतो. विहीणबाईंशी तिचं फार चांगलं आहे. मला कधी तिनं टोचून बोललेलं नाही. लाटेबद्दल नाही, काळ्या रंगाबद्दलही त्या एका वाक्यापलीकडं नाही. कधी कधी वाटतं, तिनं एकदा भांडावं, ताट आपटावं. म्हणजे मला उत्तर द्यावं लागेल. पण तिनं भांडायचं आणि मग मी खरं बोलायचं, हेसुद्धा तिलाच कामाला लावणं झालं.

आणि हे मी मराठीत लिहिलंय, त्यातही लबाडी आहे. अक्का माझ्यापेक्षा गोड मराठी बोलते, पण शिकली कन्नडात. मराठी वाचायला तिला कुणी शिकवलं नाही, मी पुण्याला शिकलो. शाळेतल्या हिंदीमुळं अक्षरं ओळखते, चार ओळी लावते आणि चष्मा काढून ठेवते. हे ज्यात छापलं जाईल ते पुस्तक घरात तिच्या डोळ्यांसमोर पडून राहिलं तरी मी सुरक्षित आहे, हे लिहायला बसताना मला माहीत होतं.

तिला सगळं कळलेलं असेल. असू दे. तिला कळणं आणि मी सांगणं वेगळं. ते तीन महिने मला परत देता येत नाहीत, ते बाळंतपण एकदाच होतं आणि ते होऊन गेलं. तिच्यासमोर बसून, तिला कळेल अशा आमच्या घरच्या बोलीत, मंगळूर खोटं होतं आणि तुला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून नव्हे तर मला आईपाशी राहायचं नव्हतं म्हणून खोटं होतं, हे तोंडानं सांगणं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.